एक फाइल हलवली

रविवारी सकाळी बाबा आंघोळ करून, बनियन-पायजम्यावरच माझ्या खोलीच्या दाराशी यायचे आणि टेबलाच्या कडेवर काहीतरी ठेवून निघून जायचे. करंगळीच्या नखाएवढी, काळी, पातळ वस्तू. त्यांच्या मोबाइलमधलं मेमरी कार्ड. ते काही बोलायचे नाहीत आणि मीही मान वळवायचे नाही. त्यांची पावलं स्वयंपाकघराकडे गेली की मी ते उचलायचे, रीडरमध्ये घालायचे आणि त्यांचं आठवडाभराचं बोलणं माझ्या संगणकात उतरवून घ्यायचे. संध्याकाळी ते निघायच्या आधी रिकामं कार्ड त्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवून द्यायचे. बाप-लेकीतली ही देवाणघेवाण सुरू झाल्यावर पहिली दोन-अडीच वर्षं तिच्याबद्दल आम्ही आपसात एकदाही बोललो नाही. आईला वाटायचं, मी बाबांचा मोबाइल साफ करून देते.

बाबा मौद्याला एका कंत्राटदाराकडे होते. तिथल्या वीजघरात कोळसा वाहून नेणारा लांबच लांब पट्टा असतो. त्याच्या कडेकडेनं, जिने चढत-उतरत चालायचं आणि तो नीट फिरतोय ना, कुठे घासत नाही ना, हे पाहायचं, हे त्यांचं काम. पाळ्या बदलत्या असत आणि शहराच्या कडेच्या आमच्या बेस्याहून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिथेच दोघांत मिळून एक खोली घेतली होती. शनिवारी दुपारनंतर यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. मधले दिवस घरात आई आणि मी. आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची, पिको करायची. समोरच्या खोलीत मशीन, मशीनभोवती साड्यांच्या पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी टाचलेली. बेस्यात तेव्हा फ्लॅटच्या नव्या स्कीमांमध्ये रोज एखादं कुटुंब राहायला यायचं आणि त्यातली निम्मी बायामंडळी आईकडे फॉल लावायला आणि उरलेली नुसती बसायला यायची. मशीनची घरघर, आईचं बोलणं, बायांचं हसणं, मधेच कुकरची शिट्टी. मी आतल्या खोलीत दार लोटून घेऊन बसलेली असायचे. कोणीतरी विचारायचंच, "पोरगी घरी नाही काय?" आणि आई मशीन न थांबवता म्हणायची, "आहे ना. आत बसून राहिली. बापावर गेली, तोंड उघडाले दोघायलेबी कष्ट पडतात."

ते खरंच होतं. बाबा आणि मी समोरासमोर बसलो की आमच्यात बोलण्यासारखं काही उरायचं नाही. "जेवली?" "हो." "कॉलेज?" "चालू आहे." एवढ्यावर संपायचं. रविवारी आई बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करायची, वर तर्री अशी की नाकातून पाणी यावं. आम्ही दोघं समोरासमोर नाक पुसत जेवायचो आणि आई दोघांच्या वाटचं बोलायची. पण हेच बाबा मौद्याला, पाळी सुटल्यावर पट्ट्याच्या कडेच्या एका कट्ट्यावर बसून मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करायचे आणि बोलायचे. सुरुवात कशी झाली तेही सांगते. अकरावीत मी त्यांच्या मोबाइलवर त्यांच्याच प्लांटचा भोंगा रेकॉर्ड केलेला ऐकला होता आणि म्हटलं होतं, "हे मला द्या ना." मला आवाज गोळा करायची खोड होती: आमच्या नळाचा, भंगारवाल्याच्या हाकेचा, कूलरच्या ओल्या गवतातून ठिबकणाऱ्या पाण्याचा. पुढच्या रविवारी कार्डात चार आवाज होते. चौथ्याच्या शेवटी बाबा हळूच म्हणाले होते, "हा टिटवीचा. राखेच्या तळ्याजवळ आहे ती. बस, एवढंच." त्याच्या पुढच्या आठवड्यात ते "बस, एवढंच"च्या आधी मिनिटभर बोलले. मग पाच मिनिटं. मेसमधल्या वांग्याच्या भाजीत वांगं कसं शोधावं लागतं, खोलीतला सोबती झोपेत हिशोब कसा करतो, लहानपणी त्यांना शाळेत बोलायला उभं केलं की घाम कसा फुटायचा. असं बोलणारा हा माणूस आमच्या घरात जेवताना कधीच आला नव्हता.

संगणकही त्यांनीच आणला होता. एक कोचिंग क्लास बंद पडला, त्यातला एक जुना संच त्यांनी उचलला आणि चादरीत गुंडाळून ऑटोतून घरी आणला. मी नर्सरीपासून इंग्रजी शाळेत. घरात एक बोलणं, वर्गात दुसरं, आणि दोन्हीकडे मी तोंड उघडलं की कोणीतरी माझ्याकडे पाहतंय असं मला वाटायचं. संगणकात मला कमांडची ती काळी खिडकी सापडली तेव्हा बरं वाटलं. तिथे चित्र नाही, रंग नाही. आपण एक ओळ लिहायची, तिनं एक ओळ उत्तर द्यायचं. मी चुकले तर ती सरळ सांगायची, समजलं नाही. हसायची नाही. मी तिच्याशी तास-तास बोलायचे. कोणती फाइल कुठे आहे, कुठे जायला हवी, किती आहेत. रविवारच्या कामासाठी मी चार ओळींची, आज्ञांची एक यादी लिहून ठेवली होती. तिच्यावर टिचकी मारली की ती एकेक रेकॉर्डिंग कार्डातून उचलून त्या महिन्याच्या घडीत, म्हणजे फोल्डरमध्ये, नेऊन ठेवायची आणि प्रत्येक वेळी पडद्यावर लिहायची: एक फाइल हलवली. एक फाइल हलवली. एक फाइल हलवली. मला ते वाचायला फार आवडायचं.

आता पुढचं लिहायला हात थोडा आखडतो, पण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी कॉलेजच्या लॅबमध्ये मी बाबांचं एक रेकॉर्डिंग ऐकत होते. पेनड्राइव्हवर घेऊन गेले होते. शेजारी बसणाऱ्या मुलीनं गमतीत माझा एक इअरफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला. ती माझ्याशी बोलणाऱ्या दोन मुलींपैकी एक होती, म्हणून मी काही म्हटलं नाही. तिनं थोडं ऐकलं. बाबा तेव्हा सांगत होते, "आता मी डब्बा खाऊन राहिलो बेटा, आणि इथं एक खारूताई माह्याकडे पाहून राहिली." तिनं भुवया उंचावल्या, हसली आणि इंग्रजीत विचारलं, हे कोण, तुमचा ड्रायव्हर? मी म्हटलं, "कोणी नाही. असंच आहे, कुठून तरी आलंय." आणि फाइल बंद केली. एवढंच घडलं. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी. ती मुलगी ते दुसऱ्या मिनिटाला विसरली असणार.

त्यानंतर मी बाबांची रेकॉर्डिंगं ऐकणं सोडून दिलं. ठरवून सोडलं असं नाही. या रविवारी नको, पुढच्या रविवारी एकदम ऐकू, असं करत करत राहिलं. पण कार्ड रिकामं करायला मी एकदाही चुकले नाही. उलट ऐकायचं थांबलं तशी माझी मांडणी जास्तच नेटकी होत गेली. वर्षांच्या घड्या, त्यात महिन्यांच्या, त्यात आठवड्यांच्या. बाबा दर रविवारी कार्ड ठेवून जायचे आणि मी काळ्या खिडकीत त्या ओळी वाचायचे. चार महिने असे गेले.

फेब्रुवारी संपत आला होता. रविवारी संध्याकाळी बाबा निघाले तेव्हा आई शेजारी कोणाची तरी साडी द्यायला गेली होती. मी गेट लावायला बाहेर आले. बाबा सॅंडलचा पट्टा लावायला वाकले आणि वाकूनच, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ते ऐकलं काय बेटा?"

दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याबद्दल तोंडानं विचारलं होतं. मी म्हटलं, "हो."

"मंग?"

मग काय, ते मला कुठे माहीत होतं. मी गेटची कडी धरून उभी होते. बाबांचा पट्टा लागला होता तरी ते वाकलेलेच होते.

"ठीक आहे," मी म्हटलं.

ते उभे राहिले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "ठीक आहे म्हणते," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग पिशवी खांद्यावर टाकून कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथे एकदा मागे वळून पाहिलं. बाबा मागे वळून पाहत नसत. मी कशाला हो म्हटलंय हे आपल्याला शोधून काढावं लागणार, एवढं मला तेव्हाच कळलं.

सोमवारी सकाळी आई इतवारीच्या बाजारात अस्तराचं कापड घ्यायला गेली आणि मी संगणकासमोर बसले. शहाण्या माणसानं शेवटच्या दोन आठवड्यांची रेकॉर्डिंगं उघडून ऐकली असती. माझ्या डोक्यात असं आलं की ऐकायचंच आहे तर नीट ऐकू. घड्यांच्या आत घड्या झाल्यात, त्या सगळ्या मोडून पहिल्यापासूनचं सगळं एका ठिकाणी ओळीनं आणू आणि मग दिवाळीपासून सुरू करू. आज मला हा स्वभाव लांबून दिसतो. ज्याची भीती वाटते त्याच्या भोवतीची जागा मी आधी झाडून घेते. मी जुन्या मोठ्या फोल्डरचं नाव बदललं. नव्या फोल्डरला नाव द्यायचं ठरवलं 'बाबा', इंग्रजी अक्षरांत. यादी लिहिली: जुन्यातलं प्रत्येक रेकॉर्डिंग उचल, 'बाबा'मध्ये नेऊन ठेव. आणि टिचकी मारली.

एक फाइल हलवली. एक फाइल हलवली. ओळी भराभर वर सरकत होत्या. मी चहा आणायला उठले. परत आले तेव्हा खिडकी शांत झाली होती. जुन्या घड्या सगळ्या रिकाम्या, ठरवलं होतं तशा. मग मी 'बाबा' उघडायला गेले. ते फोल्डर नव्हतंच. तिथे 'बाबा' नावाची एक फाइल होती. एकच, पाठीमागे प्रकाराची अक्षरं नसलेली, आणि शेजारी कोरा पांढरा कागद काढलेला.

झालं होतं ते इतकं साधं होतं की समजायला मला तासभर लागला. फोल्डरला नाव द्यायचं मी ठरवलं, पण फोल्डर तयार करायला विसरले. यंत्राला 'बाबा' नावाची जागा सापडली नाही. तेव्हा त्यानं समजून घेतलं की पहिल्या रेकॉर्डिंगचं नावच 'बाबा' करायचं आहे, आणि तसं केलं. मग दुसरं उचललं, त्यालाही तेच नाव दिलं आणि पहिल्याच्या जागी बसवलं. तिसरं दुसऱ्याच्या जागी. मी एकेक ओळ करून हाताने लिहिलं असतं तर त्यानं विचारलं असतं, इथे आधीचं आहे, पुसू का? पण यादीतून सांगितलं की ते विचारत नाही. समोरच्याला माहीत असेल असं धरून चालतं. ते खोटंही बोललं नव्हतं. प्रत्येक वेळी एक फाइल हलवलीच होती.

कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं, काही नव्हतं. कार्ड रिकामं होऊन कधीच मौद्याला गेलं होतं. आणि मग मी जे केलं ते आठवलं की आजही कान गरम होतात. संगणकात डिस्क नीट लावून घ्यायची एक सोय होती, बारीक रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकवणारी. मला वाटलं, सगळं व्यवस्थित लागलं की हरवलेलं कुठे तरी दिसेल. ती चालू करून मी दीड तास ते चौकोन सरकताना पाहत बसले. पुढे याच क्षेत्रात नोकरीला लागल्यावर कळलं की त्या सोमवारी मी नुसता संगणक बंद करून ठेवला असता तर कोणी जाणकारानं त्यातलं बरंचसं परत काढून दिलं असतं. पुसलेलं लगेच जात नाही. त्याच्या जागेवर दुसरं काही येऊन बसेपर्यंत ते तिथेच असतं. मी दीड तास बाकीचं सगळं उचलून बाबांच्या त्या रेकॉर्डिंगांच्या जागेवर बसवत होते.

उरलेली फाइल ओळीतली शेवटची होती, म्हणजे शनिवारची, बाबा घरी यायला निघण्याआधीची. तिच्या नावापुढे प्रकाराची अक्षरं जोडली आणि ती उघडली. आधी नुसता पट्ट्याचा आवाज, लांब रेल्वे जात राहावी तसा. मग बाबांनी घसा साफ केला.

"बुधवारी जे विचारलं ना बेटा, त्याची घाई नाही. म्हणजे आहे थोडीशी. येत्या बुधवारी सायबाले सांगा लागते. पाळी सुटल्यावर, चार वाजता येते तो. आईले अजून नाही सांगतलं मी. ते रडन, मंग मले काहीच ठरवता नाही येत. तू सांग. तू म्हणशीन तसं." मग थोडा वेळ पट्टाच. लांबून कोणीतरी ओरडलं, "मोरेश्वरभाऊ, चला ना गा, गाडी जाईन." आणि बाबा म्हणाले, "बस, एवढंच."

दोनदा ऐकलं. चार महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकत होते आणि त्यांनी मला काय विचारलं ते त्यात नव्हतं. ते विचारलेलं सोमवारच्या सकाळी त्याच नावाखाली येऊन गेलं होतं आणि त्याच्यावर दुसरं काहीतरी बसलं होतं. उत्तर मात्र मी रविवारी देऊन टाकलं होतं.

मंगळवारी त्यांना फोन केला. मी त्यांना फोन करत नसे. त्यांनी दुसऱ्याच रिंगला उचलला.

"काय झालं?"

"काही नाही."

"आई बरी आहे?"

"हो."

"जेवली?"

"हो. तुम्ही?"

"जेवलो."

पलीकडे पट्टा चालू होता. "ठेवू?" ते म्हणाले. मी म्हटलं, "ठेवा."

बुधवारी मी आईला कॉलेजात फॉर्म भरायचा आहे असं सांगून निघाले. बेस्याहून शहरात आणि गणेशपेठेच्या स्टँडवरून भंडारा रोडची एसटी. एवढ्या लांब एकटीनं मी कधी गेले नव्हते. खिडकीशी बसले आणि वाक्य तयार करत राहिले. बाबा, मला एक सांगायचं आहे. बाबा, एक चूक झाली. इंग्रजीत करून पाहिलं, मराठीत करून पाहिलं. संत्र्याच्या गाड्या लागल्या, वीटभट्ट्या लागल्या. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "कुठं उतरता बाई?" आणि दुसऱ्यांदा माझा आवाज बाहेर आला. मौद्याच्या फाट्यावरून शेअर ऑटोनं गेटपर्यंत गेले. गेटवरचा माणूस म्हणाला, "किससे मिलना है?" आणि माझ्या तोंडून इंग्रजी निघालं, अगदी शाळेतलं, सर करून. त्यानं मला आपादमस्तक पाहिलं आणि खुर्ची दिली. इंग्रजी बोलणारी मुलगी कोणाकडे आली म्हणून आणखी दोघं बाहेर येऊन उभे राहिले. मी बाबांचं नाव सांगितलं तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, "मोरेश्वरभाऊची पोरगी? ते आवाजवाली?"

मी मान हलवली. म्हणजे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

बाबा पिवळं हेल्मेट हातात घेऊन जवळजवळ पळतच आले. चेहऱ्यावर कोळशाची भुकटी, भुवयांवर जास्त. "आई?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"आई बरी आहे. कोणालाच काही झालं नाही."

ते थांबले, एक श्वास घेतला आणि मला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. टपरीवाल्या बाईंनी फडक्यानं बाकडं पुसलं आणि विचारलं, "लेक काय भाऊ? दिसतेच ना, नाक पाहा." चहा दिला, बिस्किटं दिली. तीन वाजून गेले होते. माझी सगळी वाक्यं बसमध्येच राहिली होती.

"मी ऐकलं नव्हतं," मी म्हटलं.

"काय?"

"रविवारी तुम्ही विचारलं तेव्हा. मी हो म्हटलं, पण ऐकलं नव्हतं. आणि आता ते नाहीच आहे. माझ्याकडून सगळी पुसली गेली. पहिल्यापासूनची. एकच उरली."

बाबा बिस्किट चहात बुडवत होते. ते बुडून पडलं तरी त्यांनी बोटं तशीच धरली होती. मला वाटलं, ते पुसली गेली कशी ते विचारतील. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"कधीपासून नाही ऐकलं?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून."

ते मनात काहीतरी मोजत असावेत. रस्त्यावरून राखेचा टँकर गेला, धूळ बसेपर्यंत ते थांबले. "म्हणजे ते कुत्र्याचंबी नाही ऐकलं?"

"कोणतं कुत्र्याचं?"

"आमच्या मेसमंधी एक कुत्रं..." ते हसले, मग हसायचे थांबले. "जाऊ दे. लंबी गोष्ट आहे ते."

'काहून', म्हणजे का ऐकलं नाही, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर लॅबमधलं मी सांगितलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. ते मी आज इथेच पहिल्यांदा लिहिते आहे, आणि बाबा हे वाचतील तेव्हा त्यांना ते असं, लिहिलेलंच कळेल. आमच्यात गोष्टी अशाच पोचतात.

"चार वाजता सायब येते," बाबा म्हणाले.

"हो. ते शेवटच्यात होतं. पण तुम्ही काय विचारलं होतं ते नाही माहीत."

त्यांनी हेल्मेट बाकड्यावर ठेवलं, परत उचललं, मांडीवर ठेवलं. तोंडावरून हात फिरवला, भुकटी गालभर पसरली. मग ते माझ्याकडे न पाहता समोरच्या तारांकडे पाहत बोलायला लागले. दोन वाक्यांमध्ये इतका वेळ जायचा की टपरीवाल्या बाई मधे येऊन ग्लास उचलून गेल्या. कंत्राटदाराला छत्तीसगडात नवं काम मिळालं होतं. तिथे त्याला सुपरवायजर पाहिजे होता. पट्ट्यावर चालायचं नाही, जिने नाहीत, केबिनमध्ये बसायचं. पाच वर्षांसाठी. घरी यायला मिळेल दोन महिन्यांतून एकदा. "माह्ये गुडघे आता नाही म्हणतात बेटा," ते म्हणाले. "पण मले वाटलं, तुले विचारावं. आई तर बोलून घेते कोणाशीबी. तू..." एवढं म्हणून ते थांबले. 'तू' नंतरचं त्या पुसलेल्या फाइलमध्ये त्यांनी पूर्ण केलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही.

"आणि मी ठीक आहे म्हटलं," मी म्हटलं.

"हो. मले वाटलं, जमते तुले. मोठी झाली."

शहाण्या मुलीनं काय म्हणायला हवं होतं ते मला तेव्हाही कळत होतं. गुडघ्यांचं मी नुकतंच ऐकलं होतं. गेटपाशी सॅंडल लावताना ते इतका वेळ का वाकलेले राहतात, तेही मला त्या बाकड्यावर बसल्यावर समजलं. पण आठवडाभर बंद दारामागे बसलेल्या मला रविवारच्या त्या कार्डातला आवाज सोडला तर माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं, आणि चार महिने मी तोही ऐकला नव्हता.

"नका जाऊ," मी म्हटलं.

बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या भोंग्यानंतर तोंडानं मी त्यांच्याकडे काही मागायची ती पहिलीच वेळ होती. "बरं," ते म्हणाले. हेल्मेट घातलं. "चार वाजून राहिले. तू बस, मी सांगून येतो. मंग सोबतच फाट्यापर्यंत जाऊ."

पंधरा मिनिटांनी ते परत आले आणि फाट्यापर्यंतच्या ऑटोत त्यांनी मला कुत्र्याची गोष्ट सांगितली. ती लंबी होती. माझी बस आली तेव्हा कुत्रं अजून मेसच्या छपरावरच होतं.

त्यांच्या जागी छत्तीसगडात खोलीतला सोबती गेला, झोपेत हिशोब करणारा. वर्षभरानं त्याच्या बायकोकडून आईला सगळं कळलं आणि आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. आमच्या घरात असं त्याआधी घडलं नव्हतं. बाबा त्या पट्ट्याच्या कडेनं आणखी नऊ वर्षं चालले. आता ते जिना चढताना आधी उजवा पाय ठेवतात, कठडा धरतात, मग डावा त्याच पायरीवर आणतात. पुण्याहून मी जाते तेव्हा त्यांच्या मागे एक पायरी सोडून उभी राहते. ते मला कधी काही म्हणालेले नाहीत.

पुण्याहून असं मी म्हटलं, कारण तीन वर्षांनी मीच निघून गेले. नोकरी लागली. ज्यांना थांबवलं त्यांना सोडून जायचं, हे मला त्यांच्या तोंडावर सांगवेना. तोवर कार्डावर मीही थोडंथोडं बोलून ठेवायला लागले होते. पुण्याचं मी कार्डात ठेवलं. सव्वादोन मिनिटं. कार्ड चष्म्याच्या डबीत घातलं आणि सहा दिवस वाट पाहिली.

पुढच्या रविवारी आईनं पाटोडीचा रस्सा केला होता. आई भाकरी थापत होती, आम्ही दोघं ताटावर. मी खाली पाहत विचारलं, "ते ऐकलं का बाबा?"

"हो."

"मग?"

त्यांनी नाक पुसलं, पाण्याचा घोट घेतला. "ठीक आहे," ते म्हणाले.

ते दोन शब्द मी ओळखत होते. त्यांच्यात काय असतं आणि काय नसतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. मी मान वर केली. बाबा माझ्याकडेच पाहत होते.

"पण एकदा तोंडानं सांग," ते म्हणाले.

आईचे भाकरीवरचे हात थांबले. "काय सांग?" ती म्हणाली. "काय होऊन राहिलं तुमचं दोघायचं?"

मी सांगायला लागले. कार्डात सव्वादोन मिनिटांत झालं होतं ते. तव्यावरची भाकरी करपली, आईनं ती उतरवली नाही, आणि मी अजून सांगतच होते.